रात्रीच्या गाडीने ऑस्लोहून बर्गनला: झोपेची सोय आणि सकाळचे तीन तास

ऑस्लोहून बर्गनला जाणारी रात्रीची गाडी अकराच्या सुमारास सुटते आणि सकाळी साडेसहा-सातच्या दरम्यान पोचवते. कागदावर हिशेब झकास दिसतो. नॉर्वेतल्या महागड्या हॉटेलची एक रात्र वाचते, शिवाय अख्खा दिवस हातात राहतो. मी हा प्रवास दोनदा केलाय. पहिल्यांदा एकटीने, खुर्चीत बसून. दुसऱ्यांदा आईला घेऊन, बर्थवर झोपून. दोन्ही खेपांचा अनुभव एकच: रात्र कशीही निभते, बेत फसतो तो सकाळी. सात ते दहा या वेळात खोली मिळत नाही, बहुतेक दुकानं उघडलेली नसतात, आणि बाहेर पाऊस असतो. म्हणून तयारी त्या सकाळपासून मागे मागे करत या.

१. आधी वार बघा, मग तारीख

ही गाडी आठवड्याच्या सगळ्या रात्री असतेच असं धरून चालू नका. विशेषतः शनिवारची रात्र तपासून घ्या. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोचणं दोन दिवसांच्या सुट्टीला बरं पडतं. रविवारी नॉर्वेतली मोठी किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे खाण्यापिण्याची खरेदी शनिवारीच उरका.

ऋतूचं म्हणाल तर मे अखेर ते सप्टेंबर. जूनमध्ये ऑस्लोत पावणेअकराच्या आसपास सूर्य मावळतो आणि चारच्या आत उगवतो. मधल्या वेळात पुरता काळोख होतच नाही. म्हणजे जूनमधल्या ‘रात्रीच्या’ गाडीतून बरंच काही दिसतं. हिवाळ्यात मात्र निघताना अंधार, पोचताना अंधार आणि नऊ वाजले तरी उजाडायचं बाकी. तेव्हा गेलात तर पुढे सांगितलेली सकाळ बर्गनच्या दिव्यांच्या उजेडात काढायची तयारी ठेवा.

आणखी एक, कागदपत्रांचं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा पुरतो. जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिथल्या रेसिडन्स परमिटवर सुट्टीसाठी येता येतं. पासपोर्ट आणि परमिट दोन्ही सोबत हवेत.

२. जाताना रात्री, येताना दिवसा

दोन्ही वेळा रात्रीची गाडी घेऊ नका, ही माझी एकमेव सक्त सूचना. हा मार्ग १९०९ साली पूर्ण झाला. फिन्से हे त्यावरचं सर्वांत उंच स्टेशन १,२२२ मीटरवर आहे. म्हणजे आपल्या माथेरानच्या दीडपट उंचीवर, आणि तिथे पोचायला गाडीरस्ताच नाही. रेल्वेने या, नाहीतर चालत किंवा सायकलने. जंगल संपतं, झाडं संपतात, मग नुसता खडक, बर्फ आणि गोठलेली तळी. २००९ मध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने या गाडीचा सात तासांचा प्रवास काटछाट न करता टीव्हीवर दाखवला, आणि लोकांनी तो बघितलाही. असला मार्ग दोन्ही वेळा झोपून काढायचा म्हणजे हापूसची पेटी आणून नुसता वास घेण्यासारखं.

३. तिकीट: खुर्ची की कंपार्टमेंट

गाडी चालवते व्ही ही कंपनी. पूर्वी तिचं नाव एनएसबी होतं, २०१९ मध्ये बदललं. तिच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर इंग्रजीत तिकीट काढता येतं. एन्तुर नावाचं देशभराच्या वाहतुकीचं ॲप आहे, त्यावरही जमतं. भाडं विमानासारखं वरखाली होतं. स्वस्त तिकिटं आधी संपतात, आणि झोपायचे डबे तर त्याहून आधी. तारीख पक्की झाली की थांबू नका.

झोपायची सोय म्हणजे दोन बर्थची छोटी खोली. एकावर एक बर्थ, हात-तोंड धुवायला बेसिन, चार्जिंगला प्लग, अंथरलेली गादी आणि जाड दुलई. शौचालय बाहेर कॉरिडॉरमध्ये. आपल्या टू-टियरसारखा पडदा ओढून घ्यायचा प्रकार नाही, दार लावून घेता येतं. महत्त्वाचं म्हणजे तुम्ही अख्खी खोली घेता. एकटे असलात तरी कुणी अनोळखी माणूस वरच्या बर्थवर येत नाही, आणि दोघे असलात तर जादा पैसे दोघांत वाटले जातात. त्यामुळे दोघांनी जाताना हिशेब असा करा: खोलीचे जादा पैसे एका बाजूला, बर्गनमधल्या हॉटेलची एक रात्र दुसऱ्या बाजूला. एक क्रोनर ढोबळमानाने आठ-नऊ रुपयांचा धरा. आमच्या वेळी गाडी स्वस्त पडली होती.

एकट्याने जाणाऱ्या तरुण माणसाने खुर्ची घेतली तरी चालेल. मी घेतली होती. मान अवघडली आणि पुढचे दोन दिवस आठवण देत राहिली. गळ्याभोवतीची उशी, डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे नेलेत तर माझ्यापेक्षा बरे राहाल.

युरेल किंवा इंटररेल (युरोपभर रेल्वेने फिरायचा) पास असला तरी झोपायच्या खोलीचे पैसे वेगळे भरावे लागतात. पास आहे म्हणून आयत्या वेळी जाऊन उभे राहू नका.

४. ‘बुस फॉर तोग’ हे शब्द ओळखून ठेवा

याचा अर्थ ‘गाडीऐवजी बस’. रुळांची कामं निघाली, बहुधा उन्हाळ्यात किंवा ईस्टरच्या सुट्टीत, की मार्गाच्या एखाद्या तुकड्यावर प्रवाशांना बसमध्ये बसवतात. दिवसा हे चालून जातं. रात्री दोन वाजता दुलईतून उठून, बॅगा घेऊन बसमध्ये चढायचं म्हणजे शिक्षा. तिकीट काढताना वेळापत्रकात बसचं चिन्ह दिसतंय का ते पाहा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. चिन्ह दिसलं तर तारीख बदला.

५. बॅग एकच, आणि तिच्यात एक पिशवी

खोली खरंच लहान आहे. मोठी सूटकेस उघडायची म्हटली तर दुसऱ्या माणसाला बर्थवर पाय घेऊन बसावं लागतं. आईने पहिल्याच मिनिटाला ती उघडली आणि पंधरा मिनिटं मी मांडी घालून वरच्या बर्थवर बसून होते. म्हणून रात्रीचं सामान एका वेगळ्या कापडी पिशवीत काढून ठेवा: रात्रीचे कपडे, ब्रश, औषधं, चार्जर, पाण्याची बाटली, आणि सकाळी घालायचे स्वच्छ मोजे. गाडीत आंघोळीची सोय नाही. मोजे बदलले की निम्मी आंघोळ झाल्यासारखं वाटतं.

छत्री घेऊ नका, टोपीचं रेनजॅकेट घ्या. बर्गनमध्ये वर्षाला साधारण २,२५० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे मुंबईत चार महिन्यांत कोसळतो तेवढाच, फक्त तो बारा महिन्यांत वाटून, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस. तो आपल्यासारखा धो धो पडत नाही. भुरभुरतो, थांबतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री उलटी होण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाही.

६. ऑस्लोचं स्टेशन

विमानाने येत असाल तर गार्डेरमोएन विमानतळावरून थेट मुख्य स्टेशनात रेल्वे आहे. फ्लीतोगे ही खास विमानतळाची गाडी वीसेक मिनिटांत पोचवते. व्हीची साधी गाडी तीन-चार मिनिटं जास्त घेते आणि बरीच स्वस्त पडते. घाई नसेल तर साधीच घ्या.

दिवसभर ऑस्लो बघायचं असेल तर सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, पैसे कार्डाने. रोख पैसे मी दोन्ही खेपांत एकदाही काढले नाहीत. जेवण बाहेरच उरका, कारण गाडीतल्या कॅफेत घरच्यासारखं पोट भरेल असं काही नसतं. आम्ही ठेपले आणि लसणाची चटणी नेली होती. चटणीचा डबा दार बंद करून उघडला. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका. फलकावर ‘स्पूर’ म्हणजे फलाट. अर्धा तास आधी पोचा आणि डब्याचा क्रमांक बघूनच चढा.

७. गाडीत

गाडी सुटेपर्यंत बर्थवर आडवे होऊ नका, तिकीट तपासनीसाला येऊन जाऊ दे. मग दार आतून लावा, गजर लावा आणि झोपा. गजर पोचायच्या पाऊण तास आधीचा, कारण सकाळी कॉरिडॉरमध्ये शौचालयासाठी रांग लागते.

उन्हाळा असेल तर आणखी एक गजर, तीन-साडेतीनचा. गाडी तेव्हा फिन्सेच्या आसपास असते. मी आईला हलवून उठवलं. तिने पडदा बोटभर बाजूला केला. जूनचा तिसरा आठवडा, आणि बाहेर निळसर उजेडात रुळाच्या कडेला बर्फ, तळ्यावर पांढरा थर, एक लाल लाकडी घर, माणूस एकही नाही. ती काही वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, कोकणकन्यासारखंच आहे की. तीही अकरालाच सुटते. फक्त इथे चहावाला नाही.” आणि पडदा सोडून झोपली.

८. सकाळ

आता मुख्य भाग. पहिल्या खेपेला मी स्टेशनवरून थेट हॉटेलात गेले. सात वाजून दहा मिनिटं. खोली दुपारी तीनला मिळेल असं सांगितलं. बॅग ठेवून घेतली, पण लॉबीतल्या सोफ्यावर मी जी पेंगले ती दहाला उठले. सकाळ गेली, मानही गेली. दुसऱ्या खेपेला क्रम बदलला. तो असा:

उतरल्यावर हॉटेल स्टेशनच्या जवळ असेल तर बॅग तिथे, नाहीतर स्टेशनातल्या लॉकरमध्ये. बर्गन लहान आहे, स्टेशनपासून बंदराकडे पंधरा मिनिटांत चालत पोचता.

वाटेत एखादी बेकरी उघडलेली असते. तिथे ‘शिलिंग्सबोले’ मागा. दालचिनीची गुंडाळी असते, बर्गनची खासियत. जुन्या शिलिंग नाण्याला मिळायची म्हणून हे नाव. आता किंमत ऐकून नाण्याची आठवण काढू नये. पिठात वेलची असते. पावसात, रात्रीच्या प्रवासानंतर, गरम पावातून वेलचीचा वास आला की आईचा चेहरा उजळला.

ती हातात घेऊन ब्रिग्गेनला जा. लाल, पिवळ्या, विटकरी रंगाच्या लाकडी घरांची ही रांग म्हणजे हान्सा या जर्मन व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाची पेढी होती. १७०२ च्या आगीत जळाली, मग जुन्याच धर्तीवर पुन्हा बांधली, आणि १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. धंदा मुख्यतः सुक्या माशाचा. उत्तरेकडून येणारा कॉड मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर काठ्यांना टांगून वाळवलेला. बोंबील आपल्याकडे उन्हात वाळतो, तो तिकडे थंडीत. दहा वाजले की क्रूझ जहाजांची माणसं इथे दाटी करतात. सात वाजता दोन घरांमधल्या लाकडी बोळात आम्ही दोघीच होतो. पायाखाली फळ्या करकरत होत्या. डोक्यावर एकमेकींकडे झुकलेल्या भिंती, आणि ओल्या लाकडाचा वास. दुकानं बंद असल्याचं काही बिघडत नाही. बघायचं ते बाहेरच आहे.

मग फ्लॉयबानेन. १९१८ पासून चालू असलेली ही डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे, ब्रिग्गेनपासून चार-पाच मिनिटांच्या अंतरावर. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातपासून, शनिवार-रविवारी आठपासून. वेळ तुमच्यासाठीच ठरवल्यासारखी. पाच-सहा मिनिटांत ३२० मीटरवर नेते. ढग नसतील तर अख्खं शहर, बंदर आणि बेटं पायाशी. ढग असतील तर काहीच नाही, पण उन्हाळ्यात वर शेळ्या चरत असतात, त्या तरी दिसतील. उतरताना चालत या. नागमोडी वाट आहे, पाऊण तास लागतो. आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही रेल्वेनेच उतरलो. खाली आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. कॉफीची दुकानं उघडली होती, आणि हॉटेलातून फोन आला, खोली लवकर तयार झालीय. हे नशीब. धरून चालू नका.

९. उरलेले दोन दिवस आणि परत

दुपारी दोन तास झोपा, लाजू नका. मासळी बाजार बघा, पण जेवायला दोन गल्ल्या आत शिरा. पाऊस जोरात असला तर तळ्याकाठच्या कोदे संग्रहालयात नॉर्वेचा चित्रकार मुंक याची चित्रं बघा. विमानाने परतायचं असेल तर शहरातून विमानतळापर्यंत ट्राम जाते, पाऊण तास लागतो.

पण तुम्ही दिवसाच्या गाडीने परतणार आहात. वाटेत मीरदालला उतरून फ्लोमची वीस किलोमीटरची घाटातली रेल्वे करायची असेल तर तिकडे वेगळा दिवस द्या. उगाच दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कोंबू नका. खिडकीजवळची जागा घ्या, ठेपले उरले असतील तर ते हाताशी ठेवा. फिन्सेला गाडी थोडा वेळ थांबते. दारापर्यंत जा, हवा असेल तर एक फोटो काढा, पण फलाटावर लांब जाऊ नका. शिट्टी झाली की गाडी निघते. आई मूठभर बर्फ घेऊन धावत आली, तो ऑस्लोपर्यंत तिच्या रिकाम्या चटणीच्या डब्यात होता.