हॉस्टेलच्या पोरांची मतदार नोंदणी कशी मार्गी लावली

रत्नागिरीत कॉलेजला एनएसएसचं काम बघतो. नोंदणीचं पोस्टर लावलं की पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढतात आणि फॉर्म कोणीच भरत नाही. भाषणं बंद केली आणि एकेकाला धरून विचारलं तेव्हा कळलं, अडचण आळसाची नाहीच, पत्त्याची आहे. आधारवर गुहागर नाहीतर राजापूरचं गाव, राहायला हॉस्टेल, मग नाव घालायचं कुठे? नियम सोपा आहे, हॉस्टेलवाल्याला दोन्हीकडची मुभा आहे पण नाव एकाच ठिकाणी पाहिजे. हॉस्टेलचा पत्ता हवा तर कॉलेजचं बोनाफाईड लागतं, म्हणून आम्ही ऑफिसातल्या भाऊंना सांगून सह्या-शिक्के मारलेली बोनाफाईडच तयार ठेवली आणि टेबल थेट कँटीनबाहेर मांडलं, वडापावच्या लाईनमध्ये मोबाईलवर फॉर्म ६ (नवीन मतदाराचा अर्ज) भरून व्हायला लागला!

दुसरं म्हणजे बऱ्याच जणांना वाटायचं अठरा पूर्ण झाल्याशिवाय काही करता येत नाही. तसं नाय रे बाबांनो, सतरा झाली की आगाऊ अर्ज चालतो, आणि अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता १ जानेवारीसोबत १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही तारखा धरतात.

ज्यांना गावचंच मतदान हवं होतं (सरपंच काका असला की हवंच असतं) त्यांना गणपतीला घरी जाताना बीएलओला (गावच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटायला सांगितलं. फॉर्म भरल्यावर येणारा रेफरन्स नंबर तेवढा स्क्रीनशॉट काढून ठेवा, स्टेटस त्यावरच बघता येतं.