कार-९८के: ठसे वाचून रायफल पारखताना

कार-९८के ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची माउझर रायफल. सगळे नंबर जुळतात म्हणून रायफल अस्सल, हा नवख्या संग्राहकाचा सगळ्यात महागडा गैरसमज. नंबर कोणालाही मारता येतो. जुळायला हवेत ते कारखाना, साल, तपासनिसाचा ठसा आणि झीज.

आधी बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका) काढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामा आहे ना ते बघा. मग दहापट भिंग घ्या आणि टॉर्च तिरपा धरा. समोरून उजेड पाडला तर घासून पुसलेली अक्षरं दिसत नाहीत.

सुरुवात रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या, गोलाईपासून. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा संकेत आधी ‘एस/४२’, मग ‘४२’, १९४१पासून ‘बीवायएफ’ आणि १९४५ला ‘एसव्हीडब्ल्यू’. १९३४ आणि १९३५ साली मात्र वर्षाऐवजी ‘के’ आणि ‘जी’ ही अक्षरं. ‘बीएनझेड’ म्हणजे श्टायर, ‘डीओटी’ म्हणजे ब्रनो. गरुडाच्या ठशाखालचा आकडा तपासनीस कार्यालयाचा: ‘बीवायएफ’ला बहुतेकदा १३५, श्टायरला बहुतेकदा ६२३. एखाद्या सुट्या भागावर परका आकडा दिसला तरी बिचकू नका, युद्धात कारखाने एकमेकांचे भाग वापरत.

नंबर जास्तीत जास्त चार आकडी. ९९९९ झाले की पुढे अक्षर लागे आणि दर वर्षी मोजणी नव्याने सुरू होई. त्यामुळे साल आणि अक्षर टिपल्याशिवाय नंबराला अर्थ नाही. रिसीव्हर आणि नळीवर पूर्ण नंबर, तर सेफ्टी, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) अशा लहान भागांवर शेवटचे दोन अंक. युद्धाच्या शेवटी बरेच भाग बिननंबरी राहिले. १९४५च्या रायफलच्या झाडून सगळ्या भागांवर नंबर दिसले तर शंका घ्याच.

नंबराभोवतीचा पृष्ठभाग सपाट पट्टीने तपासा. जुना नंबर घासून नवा मारलेला असेल तर तिथे खळगा लागतो. आजूबाजूचं ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) झिजलेलं आणि आकड्यांच्या कडा मात्र धारदार, हेही वाईट लक्षण.

सोव्हिएत हाती लागलेल्या रायफलींची पुन्हा जुळवाजुळव झाली. विजेच्या पेन्सिलीने कोरलेले नंबर, दस्त्यावर (लाकडी भागावर) लालसर शेलॅकचा लेप आणि बऱ्याचदा रिसीव्हरवर ‘एक्स’, या तिच्या खुणा. यूगोस्लाव्हियात ‘प्रेदुझेचे ४४’ (म्हणजे ‘कारखाना ४४’) हा ठसा पडला. इस्रायलमध्ये बऱ्याच रायफली ७.६२ मिमी काडतुसाच्या केल्या, तर नॉर्वेत कित्येक .३०-०६ काडतुसाच्या. मूळ काडतूस ७.९२×५७ मिमी, चेंबर मोजून घेतल्याशिवाय गोळी घालू नका, नळीवरचा ठसा पुरेसा नाही. अशी रायफल बनावट नव्हे, पण तिची किंमत वेगळी.

दस्त्यासाठी एकच कसोटी: लाकूड बट-प्लेटच्या (दस्त्याच्या टोकावरची धातूची पट्टी) आणि नळीभोवतीच्या धातूच्या कड्यांच्या कडेपेक्षा खोल गेलेलं असेल तर तो सँडपेपरने घासलेला आहे, आणि ठसे त्यातच गेले.

काहीही घासू नका, पॉलिश लावू नका, चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर खाचेत घालू नका. प्रत्येक ठशाचा पट्टी ठेवून सरळ फोटो काढा आणि त्याच कारखान्याच्या, त्याच सालच्या, त्याच अक्षराच्या खात्रीशीर रायफलींशी ताडून बघा. शेजारच्या नंबराची सापडली तर अक्षरांचे साचेही पडताळता येतात.