पोस्टडॉकसाठी पत्र लिहिताना
माझ्या पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, येणारी पत्रं मी स्वतः वाचते. ‘आपल्या थोर कार्याने प्रभावित झालो’ या ओळीने काहीच कळत नाही. त्यापेक्षा आमचा ताजा शोधनिबंध वाचा आणि पुढचा प्रयोग सुचवा: ‘आकृती ३ मधलं प्रथिन मायटोकॉन्ड्रियावर दिसतं, त्याचं जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी केलं तर मायटोकॉन्ड्रियाचं विभाजन थांबेल का?’ अशा पत्राला मी त्याच दिवशी उत्तर देते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक वापरता येतो म्हणता, तर त्यावर काय मोजलंत तेही लिहा. तुमचा निबंध अजून छापून आला नसेल तर बायोआर्काइव्हवर, म्हणजे छापण्याआधीचे निबंध खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाका. फेलोशिपचंही आधीच बघा. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची २ वर्षांपर्यंत असते, एचएफएसपी या आंतरराष्ट्रीय निधीसंस्थेची ३. आणि होकार देण्याआधी त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, हे अगदी कळकळीने सांगते.