कोणीच बाद नाही: गावातल्या पोरांचा रविवारचा खेळ आणि खाऊ

गावात बालमंडळ काढायचं म्हटलं की लोक आधी बॅनर, टी-शर्ट अन् उद्घाटनाचा नारळ याच्या मागे लागतात. काही लागत नाही बाप्पा. एक मुरमाची जागा, घमेलंभर राख, दोन चेंडू आणि एक शिट्टी, बस. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी दर रविवारी मारुतीच्या देवळामागे पोरं जमवते. माहेरी असताना कबड्डी खेळायची, तेवढंच माझं शिक्षण समजा.

जागा निवडताना काळ्या मातीचं वावर टाळा. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात आणि पाय मुरगळतो, पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल. शाळेचं मैदान किंवा देवळाचा मुरूम बरा. निम्मी पोरं अनवाणी येतात, म्हणून खेळाआधी सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं आणि वाकून वाकून सराटे, बाभळीचे काटे, काचा वेचत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. मैदान साफ होतं अन् कंबर-गुडघेही मोकळे होतात, वेगळी कवायत नको.

वेळ सकाळचीच. एप्रिल-मेमध्ये साडेसहाला सुरू करून आठच्या आत सगळे सावलीत. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे हौस कामाची नाही. पाण्याची कळशी मैदानाच्या कडेलाच ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी मारून पाणी पाजा. तहान लागली म्हणून पोरगं आपणहून खेळ सोडत नाही. पोराला चक्कर आली, मळमळलं, तर लगेच सावलीत, अंगावर ओला कपडा आणि घोटघोट पाणी. असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडात काही घालू नका, अंग ओलं करत थेट दवाखाना.

आता मुद्द्याचं. आपले बहुतेक खेळ 'बाद' करणारे. जे पोरगं जाड किंवा अशक्त, ते पहिल्या मिनिटाला बाद होतं आणि उरलेला वेळ निंबाखाली माती उकरत बसतं. ज्याला धावायची खरी गरज तेच बसलेलं! "काकू, मले नाही जमत," असं ते चार वेळा म्हणालं की पाचव्या रविवारी येतच नाही. म्हणून आमच्याकडे नियमच बदलले.

लंगडीत शिवला गेलेला बाहेर जात नाही, लंगडी घालणाऱ्यांच्या बाजूला येतो. शेवटी एकटा पळणारा उरतो आणि बारा-पंधरा जण एका पायावर त्याच्या मागे, असा गोंधळ होतो की बायका धुणं सोडून बघायला येतात. शिट्टी वाजली की पाय बदलायचा. स्पर्धेच्या लंगडीत हे चालत नाही, पण आपल्याला दोन्ही पाय तयार करायचेत.

लगोरीसाठी फुटक्या कवेलूचे (छपराच्या कौलाचे) सात तुकडे घ्या आणि त्यांच्या कडा दगडावर घासून बोथट करा. चेंडू घरीच करायचा: जुना मोजा घ्या, त्यात कापूस दाबून दाबून भरा, मध्ये चिंधीची एक घट्ट गाठ ठेवा म्हणजे वजन येतं, तोंड सुईदोऱ्याने शिवा, वरून दुसरा मोजा उलट्या बाजूने चढवा आणि पुन्हा शिवा. असा चेंडू पाठीत बसला तरी कोणी रडत नाही. चेंडू लागला तर पाच बैठका मारायच्या आणि परत खेळात यायचं.

आट्यापाट्यांच्या नऊ पाट्या लहान पोरांना जड जातात. राखेने चार-पाचच आखा, मधून उभी सूरपाटी काढा. इथे हुलकावणी देणारं बारकं पोरगं मोठ्यांना भारी पडतं, म्हणून हा खेळ मी मुद्दाम जास्त घेते. खो-खोत आठ जण बसून राहतात, ते सहा ते आठ वर्षांची पोरं सहन करत नाहीत. चार-चार बसवून दोन छोटी मैदानं करा. क्रिकेट मात्र आमच्याकडे बंद. एक जण मारतो आणि दहा जण उन्हात उभे, त्यात कसला आला व्यायाम? मोठी पोरं कुरकुरली की मी त्यांना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं सांगते. १९१४ साली निघालेली ही संस्था, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पोरांनी तिथे कबड्डी खेळून दाखवली. आपल्याच भागातली पोरं जर्मनीत, हे ऐकलं की निदान त्या दिवसापुरती बॅट घरी राहते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमछाक होईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रविवार त्याला पुरत नाही. म्हणून कासऱ्याच्या जुन्या दोरीचे तुकडे करून वाटा, संध्याकाळी अंगणात उड्या.

खाऊचं तंत्रही सोपं आहे. भाषण द्यायचं नाही, भुकेल्या पोरांसमोर परात ठेवायची. प्रत्येकाने घरून मूठभर काहीतरी आणायचं: फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, गुळाचा खडा. सगळं एकत्र, मग कोणाच्या मुठीत किती होतं ते कोणालाच दिसत नाही. हिवाळ्यात तर राजेशाही. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे ओले घाटे, बोरं, आवळे, मोर्शी-वरुडकडून कोणी आलं तर संत्री. मटकी शनिवारी पहाटे भिजवा, संध्याकाळी ओल्या कापडात बांधा. थंडीत एक दिवस आधी सुरुवात करा. सकाळी वाफ देऊन कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि वरून लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहा नेमका उलटं करतो, म्हणून खाण्याबरोबर चहा-टोस बंद. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येणाऱ्या पोरी असतात. चार-पाच वर्षांच्या आतल्यांच्या हाती अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट द्या. कोणाला काही खाल्ल्याने गांधी उठते का, तेही आईला आधीच विचारून ठेवा.

सोयाबीनची आपली तऱ्हा गमतीची. घरात पोत्यांची थप्पी, ताटात दाणा नाही. "हे त ढोराचं खाणं हाय," पोरं तोंडावर सांगतात. कच्चं कधीच देऊ नका, त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. रात्रभर भिजवून, मऊ शिजवून, जवसाच्या चटणीत घोळवलं की पोरं परात चाटून पुसतात.

पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांना मी बंदी घातलेली नाही, बंदी घातली की खिशात लपवून येतात. आधी परातीतलं, मग पुडी, एवढाच नियम. पोट भरलं की पुडी बहुतेकदा धाकट्याला मिळते.

राहिला पोरींचा प्रश्न. बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की घरचे पाठवत नाहीत. आईशी वाद घालू नका, थेट आजीकडे जाऊन बसा. ती स्वतः लंगडी-फुगड्या खेळलेली असते. पाणी भरण्याची, सडा-सारवणाची वेळ विचारून घ्या आणि खेळ त्याच्या नंतर ठेवा. दोन पोरी एकाच गल्लीतल्या असतील तर बरोबरच बोलवा, एकटीला कोणी सोडत नाही. आणि पंचगिरी त्यांच्याकडे द्या. शिट्टी गळ्यात आली की घरच्यांनाही तिला "आज नको जाऊ" म्हणणं जड जातं.