रोमन चांदीच्या नाण्याची टांकसाळ कशी ओळखावी

पेशवाईतील अंकुशी रुपया हाती आला की पुण्यातील संग्राहकाची नजर सवयीने ‘जर्ब’ (‘येथे पाडले’ अशा अर्थाचा) या फारसी शब्दाकडे आणि त्यालगतच्या टांकसाळीच्या नावाकडे जाते. देनारियस या रोमन चांदीच्या नाण्याच्या बाबतीत ही सवय दिशाभूल करते, कारण पहिल्या दोन शतकांतील बहुतेक देनारियसांवर टांकसाळीचे नावच नसते. म्हणून आधी सम्राट निश्चित करावा.

भारतात मिळालेल्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि तिबेरियस यांची नाणी विपुल आहेत. तिबेरियसच्या नाण्यामागे आसनस्थ स्त्री आणि ‘पोंटिफ माक्सिम’ (प्रमुख पुरोहित हे सम्राटाचे बिरुद) ही अक्षरे दिसली, तर ते नाणे लुग्दुनुमचे, म्हणजे आजच्या फ्रान्समधील ल्यों शहराचे, मानले जाते. मात्र या नाण्यांच्या नकला भारतातही झाल्या. अक्षरे अर्थहीन रेघोट्यांसारखी भासली, तर ल्योंचे नाव लिहिण्याआधी थांबावे.

सेप्टिमियस सेव्हेरसच्या (193–211) नाण्यांत बिरुदावली उपयोगी पडते. दर्शनी बाजूच्या लेखाचा शेवट ‘कॉस’ या कॉन्सलपदाच्या (रोमच्या एका उच्च शासकीय पदाच्या) संक्षेपाने आणि त्यापुढील दोन उभ्या रेघांनी होत असेल, तर ते बहुधा सीरियातील एमेसाचे नाणे असते. रोममध्ये त्या जागी सहसा ‘इंप’ (इंपेरातोर, म्हणजे विजयी सेनापती, या बिरुदाचा संक्षेप) आणि त्यापुढे आकडा येतो.

चौथ्या शतकातील सिलिक्वा या चांदीच्या नाण्यावर मात्र टांकसाळीची खूण खरोखरच लिहिलेली असते. भिंग घेऊन दिवा बाजूने तिरपा धरावा आणि मागील बाजूच्या तळाशी असलेली बारीक अक्षरे वाचावीत. ‘टी-आर-पी-एस’ म्हणजे आजच्या जर्मनीतील ट्रीर. त्यातील ‘पी-एस’ हे शुद्ध केलेल्या चांदीचे निदर्शक आहे, तर रोमच्या ‘आर-पी’ या खुणेतील ‘पी’ तेथील पहिल्या कार्यशाळेचा आहे. सर्वांत फसवे अक्षरगट ‘पी-कॉन’ आणि ‘एस-कॉन’ हे होत. ते पाहताच कॉन्स्टँटिनोपल आठवते, पण आजच्या फ्रान्समधील आर्ल शहराला त्या काळी कॉन्स्टँटिना हे नाव मिळाले होते, आणि सुरुवातीचे लॅटिन क्रमाक्षर (‘पी’ म्हणजे पहिली, ‘एस’ म्हणजे दुसरी कार्यशाळा) पाहता ही नाणी आर्लची ठरतात.

सिलिक्वाची कड पुष्कळदा कातरलेली असते आणि नेमकी तळाची अक्षरेच जातात. अशा वेळी त्याच सम्राटाच्या पूर्ण नाण्याशी चेहऱ्याची घडण आणि अक्षरांचे वळण ताडून पाहावे; तरीही निर्णय होत नसेल, तर पाकिटावर टांकसाळीच्या जागी ‘अनिश्चित’ असेच लिहावे.