काउन्सेलर कसा निवडायचा? आधी फोनवर पाच मिनिटं बोला

आधी नावांचा घोळ मिटवू, माझे स्वतःचे तीन महिने त्यात गेलेत. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, गोळ्या लागल्या तर याच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, टेस्टिंग आणि थेरपी करतो, आणि त्याची आरसीआयकडे म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असावी लागते, तो नंबर बिनधास्त मागायचा. उरला काउन्सेलर. ही पाटी काय कोणीही लावतं, एमए सायकॉलॉजी नाहीतर एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यात मास्टर्स झालेले उत्तम लोक लावतात तसे दोन वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केलेलेही लावतात, त्यामुळे शिक्षण काय, कुठे, आणि स्वतः कोणा सिनियरकडून सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर मार्गदर्शन, घेता का, हे विचाराच. जो यावर चिडला तिथे जाऊच नका.

झोप पार उडालीय, आवाज ऐकू येतात, कामावर जाणंच बंद झालंय असं असेल तर थेट सायकियाट्रिस्ट. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आता भाषा. याला लोक किरकोळ समजतात, माझ्या मते हेच पहिलं बघावं. मी आधी ज्या मॅडमकडे गेले त्यांच्याकडे सगळं इंग्लिशमधून, मीही आपली "लो वाटतंय, अँक्शस वाटतंय" करत बसले, त्यात त्यांनी मधेच दोनदा फोन उचलला आणि विसाव्या मिनिटाला म्हणाल्या, "अगं लग्नाचं बघ आता, डोकं शांत होईल." हजार रुपये गेले ते वेगळेच. मग दुसऱ्या एका ताईंकडे गेले, तिथे मराठीतच म्हटलं की आत नुसती घालमेल होते, तर त्या ताईंनी विचारलं, "घालमेल कुठे होते गं, छातीत की पोटात?" माझा हात आपोआप पोटावर गेला आणि मग जे रडू आलं ते थांबेचना.

फोनवर अजून एक विचारा: आईने किंवा सासूबाईंनी फोन करून चौकशी केली तर त्यांना काय सांगाल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, जिवाला धोका वगैरे असेल तरच अपवाद, आणि हे चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत आपणहून सांगतो. "घरचेच आहेत ना" म्हणाला की फोन ठेवा.

फी आधीच विचारा, परवडत नसेल तर कमी कराल का तेही विचारा, बरेच जण करतात. नाहीतर मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, तिथे मानसोपचार ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा.

तीन-चार सेशन द्या, पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जातं. पण तुमच्यापेक्षा तेच जास्त बोलतायत, उपदेश करतायत, पत्रिका काढा म्हणतायत, तर बदला. भीड वाटते मान्य आहे, मी तर मेसेज आधी बहिणीकडून तपासून घेतला होता: "मॅडम, मला वाटतं मला दुसऱ्या कोणाची मदत जास्त उपयोगी पडेल, पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल करा प्लीज." उत्तर आलं, "ओके."