"भेदभाव झाला का?" विचारलं की सगळे नाहीच म्हणतात

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या एमएच्या) दुसऱ्या वर्षाला मी विषय घेतला, दलित वस्तीतल्या बायकांना दवाखान्यात कसं वागवतात. गाईड म्हणाले विषय बरा आहे पण उत्तरं मिळायची नाहीत तुला, आणि पहिले पंधरा दिवस तसंच झालं. कोल्हापुरातनं सकाळची एसटी धरायची, करवीर तालुक्यातल्या गावात उतरायचं, फॉर्म काढायचा आणि आठव्या प्रश्नाला, म्हणजे 'दवाखान्यात भेदभाव झाला का?' याला, सगळीकडं एकच उत्तर, "न्हाई बा, तसलं काय न्हाई आता."

मग एका आजीला फॉर्म मिटल्यावर सहज विचारलं, बीपीचा पट्टा बांधतात का हो? तर म्हणाली, "कुठला पट्टा, टेबलापल्याडनंच इचारलं, गोळ्या सरकवल्या, मी उचलल्या." आणि वर हेही, की "पर डॉक्टर सोभावानं चांगला हाय." माझ्या फॉर्मवर या आजीच्या नावापुढं 'भेदभाव नाही' अशी टिक होती!

म्हणजे चूक प्रश्नातच होती. हे आधीच वाचलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये रोजच्या भेदभावाची एक प्रश्नावली मांडली, 9 प्रश्नांची, त्यात आधी फक्त वागणूक विचारतात, लोक तुमच्याशी कमी आदरानं वागतात का, दुकानात सेवा कमी मिळते का वगैरे, आणि कारण काय वाटतं ते नंतर. आपल्याकडं संघमित्रा आचार्य यांचा गुजरात-राजस्थानमधल्या दलित मुलांवरचा 2010 चा अभ्यास आहे, त्यातही तपासणं, औषध देणं असं सुटं सुटं करून पाहिलंय. नवीन असाल तर हे दोन आधी वाचा, थिअरीची जाडजूड पुस्तकं नंतर.

पण प्रश्नावली नुसती मराठीत करून भागत नाही. मी आधी 'सौजन्य' लिहिलं, कुणाला कळेना. मग 'नीट बोलतात का', त्याला सगळे हो. मग 'अगं-तुगं करतात का', तर आमच्याकडं मायेनंही अगं म्हणतात, झाली पंचाईत. शेवटी जमलं ते असं, तुमच्या पुढच्या नंबरच्या बाईला अहो-जाहो आणि तुम्हाला अगं-तुगं, असं झालं का कधी? इथं मात्र बायका बोलायला लागल्या.

दुसरी चूक, आशाताईंना (गावातल्या आशा सेविकेला) बरोबर घेऊन फिरले. ताई चांगल्या, पण त्या त्याच आरोग्य केंद्राच्या, त्यांच्यासमोर कोण बोलणार? ओळख करून द्यायला पहिल्या दिवशी घ्या, पुढं एकट्यानं जा. आणि मी काही विचारायच्या आधीच "आडनाव काय गं पोरी?" हे येतंच, तेव्हा खरं सांगा. कुणाच्या घरात चहा घेता आणि कुणाच्यात नको म्हणता, यावरही अख्ख्या गल्लीची नजर असते.

सायन्सवाल्यांनी हा विषय आपला नाही असं समजू नका. कोरोनात बोटाला लावायचो तो पल्स ऑक्सिमीटर घ्या, 2020 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन कमी असूनही मशीन नॉर्मल आकडा दाखवतं, हा प्रकार काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. मशीनला कुठलं आलंय आडनाव.

एथिक्स कमिटीचा (माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचा) अर्ज लवकर टाका, माझे दोन महिने तिथंच गेले. प्रस्तावनेत शाहू महाराजांचा 1919 चा हुकूमही घेतला मी, सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रुग्णांना बाकीच्यांसारखंच वागवायचं असा, गाईड खूश झाले, शिवाय खरंच कामाचा आहे तो.

रेकॉर्डर काढला की बायकांचा आवाज बदलतो, म्हणून मी तो बंदच केला. माझी निम्मी वही रंकाळा स्टँडच्या बाकड्यावर बसून लिहिलेली आहे, गाडीतनं उतरल्या उतरल्या, विसरायच्या आत.